जामदारांच्या गाडीतलं गाणं

विश्वास जामदार कधी प्रश्न विचारत नसत. ते सांगत. ‘चहा घेणार का?’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कप समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "चहा आहे." गल्लीत कुणी आजारी पडलं, की ‘काही मदत हवी का’ वगैरे भानगड नाही. बेल वाजायची. दारात उंच, खांद्यातून किंचित वाकलेला माणूस, हातात स्टीलचा डबा. "पिठलं आहे. गरम करून घ्या." आपण ‘अहो, कशाला’ म्हणेपर्यंत पाठमोरे होऊन चालायला लागलेले असायचे.

माझी त्यांच्याशी खरी ओळखही अशाच एका विधानातून झाली. हा सगळा देश सपाट आहे असं पुण्याहून येताना मला सगळ्यांनी सांगितलं होतं. आर्नहेम या डच गावात चांगले दम लागणारे चढ-उतार आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या गल्लीच्या उतारावर बर्फाच्या पातळ थरावरून माझी सायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले. संध्याकाळी बेल वाजली.

"सायकल आता विसरा," जामदारकाका म्हणाले. "उद्यापासून पावणेआठला माझी गाडी निघते. मी थांबत नाही."

आम्ही एकाच कंपनीत होतो. वीजवाहिन्यांचं जाळं सांभाळणारी कंपनी, ऑफिस गावाबाहेर, नायमेगेनच्या वाटेवर. मी सॉफ्टवेअरमध्ये, ते रिलेच्या विभागात. घरंही एकाच गल्लीत. पण तोवर आमचं बोलणं मराठी मंडळाच्या गणपतीत नमस्कार करण्यापुरतंच होतं. तिथे सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माझा नवरा भल्या सकाळच्या ट्रेननं युट्रेख्टला जायचा, तेव्हा मला दुसरा आधारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका हातानं जाकीट चढवता चढवता मला उशीर झाला. धावत गेले, तर काका गाडीशेजारी उभे. भुरभुरत्या पावसात गाडीची काच खरवडत होते. काचेवर बर्फाचा कणही नव्हता.

"काच साफ करत होतो," ते म्हणाले.

गाडी गडद हिरवी, लांबलचक, मागे सामानाला मोठी जागा असलेली. आमच्या ऑफिसात नव्यानं लागलेली मुलं त्या गाडीपेक्षा थोडीच मोठी असतील. आत ओल्या छत्रीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास. चटणी कराडहून यायची. दुपारच्या जेवणाला आमचे डच सहकारी पावाला शेंगदाण्याचं लोणी लावत, काका चटणी लावत. "शेंगदाणे दोन्हीकडे आहेत," ते म्हणत. "यांची फक्त मिरची घालायची राहिली."

रिले म्हणजे काय ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. वीजवाहिनीत कुठे काही बिघडलं, की तेवढा भाग क्षणात तोडून बाजूला काढणारं यंत्र. बाकी वर्षानुवर्षं ते नुसतं बसून असतं. "आमचं काम म्हणजे काही घडू न देणं," काका म्हणाले. "काही घडलं नाही, तर मी आज काम केलं."

यातूनच त्यांचं ते वाक्य आलं असावं, जे ऑफिसात आणि मंडळात सगळ्यांना पाठ होतं. "चालतंय ना? मग हात लावू नका." वर्षानुवर्षं गणपतीत माइक आणि स्पीकर तेच लावायचे. एका वर्षी मंडळाच्या नव्या चिटणिसांनी आवाज सुधारायचं मनावर घेतलं आणि काका चहाला गेल्याचं बघून दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. आरती सुरू झाली आणि स्पीकर मुके. काका चहाचा कप हातात घेऊनच आले, कप चिटणिसांच्या हातात दिला, वायरी होत्या तशा केल्या, कप परत घेतला आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.  चिटणीस पुढे प्रसाद संपेपर्यंत त्यांची नजर चुकवत होते.

गाडीत रेडिओ होता. त्यावर एकच स्टेशन लागलेलं असायचं आणि त्यावर रस्त्यांवरच्या कोंडीच्या बातम्या. युट्रेख्टजवळ एवढी रांग, ब्रेडाजवळ तेवढी. आम्ही त्यातल्या कुठल्याच रस्त्याला जाणार नसू. तरी काका सगळं शेवटपर्यंत ऐकायचे आणि मान डोलवायचे. रेडिओच्या खाली कॅसेटची खाच होती, तिच्यात एक कॅसेट कायमची अडकलेली. त्यांच्या मुलीची, ती बालवाडीत असतानाची, डच बडबडगीतांची.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते म्हणाले, "गाडीत गाणं बसवायचंय," तेव्हा मी चमकून बघितलं. चालणाऱ्या गोष्टीला हात लावायची भाषा त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"नवा प्लेअरच बसवून घ्या ना काका. मोठा पडदा येतो, नकाशा दिसतो."

"गाडी म्हातारी आहे. तिला एवढं नको. फोनवरचं गाणं या रेडिओतून ऐकू आलं म्हणजे झालं."

आधी त्यांनी कॅसेटच्या आकाराचं एक यंत्र मागवलं होतं. ते खाचेत सरकवायचं आणि फोनवरून बिनतारी गाणं लावायचं. पण खाचेत बडबडगीतं बसलेली, ती काही जागा सोडेनात. मग आली एक अंगठ्याएवढी कांडी. दोघांच्या पिझ्झापेक्षा स्वस्त. सिगारेट पेटवायच्या जागी खुपसायची. ती फोनवरून गाणं उचलते आणि स्वतःच एक चिमुकलं रेडिओ स्टेशन होऊन ते हवेत सोडते. गाडीच्या रेडिओवर तेवढं स्टेशन लावलं, की झालं. अट एकच, त्या जागी दुसरं कुठलं स्टेशन नको.

आम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारच्या सुट्टीत बसलो. मी फोन धरलेला, काका रेडिओची चकती तीळ तीळ फिरवत होते. इथे बातम्या, तिथे नाचाचं संगीत, पुढे कुणीतरी जर्मनमध्ये हसत होतं.

"या देशात रिकामी जागा हवेतसुद्धा नाही," काका म्हणाले.

शेवटी अगदी टोकाला एक मोकळी फट सापडली. मी फोनवरचं बटण दाबलं. आधी खरखर आली, मग तबला आणि मग एका बाईंचा आवाज. जुनं भावगीत होतं. आवाज बारीक येत होता, मध्येच मागे जात होता. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी चालवत असल्यासारखे. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसले. मग म्हणाले, "लागतं." आणि आम्ही आत गेलो.

मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी ऱ्हाईनवरचा पूल ओलांडला आणि गाणं मध्येच थांबलं. खरखर नाही, काही नाही. नुसतं गप्प. तिसऱ्या दिवशीही तसंच, थोडंफार त्याच जागी. काकांनी ती कांडी बसवायची खाच जुन्या टूथब्रशनं घासली. मग कांडीच बदलून आणली. नवी कांडीही पूल ओलांडल्यावर गप्प.

"पुलाच्या लोखंडाचा काहीतरी परिणाम असावा," ते म्हणाले. रिलेचा माणूस कारण सापडल्याशिवाय स्वस्थ बसत नाही.

मी डाव्या हातानं त्यांचा फोन उचलला आणि पडद्यावर बघितलं. तिथे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

"काका, कांडीचा दोष नाही आणि पुलाचाही नाही. तुमचं हे गाण्याचं खातं एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. दुसरीकडे कुणी लावलं की इथलं बंद होतं. हे खातं आणखी कुणाकडे आहे?"

"मुलीचंच आहे ते."

"इथे लिहिलंय, आता ‘सईचा लॅपटॉप’वर वाजतंय."

 पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला तरी ते निघाले नाहीत. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, जो या देशात सहसा कुणी देत नाही.

"म्हणजे ती उठली," काका म्हणाले.

"बटण परत दाबलं तर आपलं सुरू होईल. मग तिचं थांबेल."

"नको," ते म्हणाले. "ऐकू दे तिला."

सई ही त्यांची एकुलती एक मुलगी. मास्ट्रिख्टला शिकत होती. बापलेकींचं बोलणं बंद होतं, हे मला पुढच्या काही दिवसांत कळलं. काकांनी ते एका बैठकीत सांगितलं नाही. आज एक वाक्य, परवा एक. मधल्या जागा मी भरल्या.

त्यांच्या पत्नी, शुभाकाकू, आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून कराडला गेल्या होत्या. आई वर्षभरानं वारली. काकू परत आल्या नाहीत. भांडण नाही, घटस्फोट नाही, काही नाही. तिथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी काम धरलं. दर रविवारी फोन व्हायचा, तब्येतीची चौकशी व्हायची. "तिला तिकडे बरं वाटतं," काका म्हणत. सई मात्र भडकली होती. ‘तू आईला थांब म्हणाला नाहीस, ये म्हणाला नाहीस, तू काहीच म्हणाला नाहीस,’ असं म्हणून ती दिवाळीच्या फराळावरून उठून मास्ट्रिख्टला निघून गेली होती. तेव्हापासून फोन नाही. गाण्याचं ते खातं सईचंच. आईसाठी म्हणून तिनं कधीतरी बाबांच्या फोनवर टाकून दिलं होतं.

आणि गाडीत गाणं हवं, ही मागणी शुभाकाकूंची होती. त्या इथे होत्या तेव्हाची, वर्षानुवर्षांची. "एवढं दूर दूर जातो आपण, काहीतरी आपलं ऐकू येऊ दे." आणि काका म्हणायचे, "रेडिओ चालतोय ना?"

 हे सांगून झाल्यावर त्यांनी रेडिओवर कोंडीच्या बातम्या लावल्या.

त्यानंतर आमच्या सकाळींना एक निराळीच लय आली. घरून निघालो की काका गाणं लावायचे. पूल ओलांडला की ते थांबायचं. थांबलं की काका, "उठली," एवढंच म्हणायचे आणि उरलेला रस्ता आम्ही शांततेत जायचो. कधी गाणं जरा लवकर थांबायचं. "आज सकाळचं लेक्चर असेल." सोमवारी पार ऑफिस येईपर्यंत वाजत राहायचं. "रविवारी जागली असणार." मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हाला स्वतःचं खातं काढून देते. मिनिटभराचं काम." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रिलेची वायर उपटायला निघाले होते.

मार्चच्या सुरुवातीच्या एका मंगळवारी गाणं थांबलंच नाही. मला तर बरंच वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी एक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकायला मिळालं. काका मात्र सारखे फोनकडे बघत होते.

"सुट्टी असेल," मी म्हटलं.

"सुट्टी मागच्या आठवड्यात होती."

बुधवारी गाणं थांबलं नाही. गुरुवारीही नाही. मी म्हणाले, "फोन करा ना." ते म्हणाले, "ती उचलणार नाही." मी म्हणाले, "मेसेज करा." त्यांनी गिअर बदलला. शुक्रवारी सकाळी एकामागून एक गाणी सुरळीत वाजत होती आणि गाडीत दोघांच्याही जिवाची घालमेल होत होती. ऑफिसचं वळण आलं. काकांनी वळणाचा दिवा लावला नाही. वळण मागे गेलं.

"काका, ऑफिस..."

"तुमची मीटिंग असेल तर फोनवरून करा. लॅपटॉप आहे तुमच्याजवळ."

"आपण कुठे चाललोय?"

"मास्ट्रिख्टला."

मी मुकाट्यानं वरिष्ठांना कळवलं, की आज घरून काम करते. घर ताशी शंभराच्या आतबाहेर वेगानं दक्षिणेला चाललं होतं. तो रस्ता जर्मनीच्या सीमेला चिकटून जातो आणि तिकडची स्टेशनं जोरकस. आमच्या बिचाऱ्या कांडीचा आवाज किती तो. फेनलोच्या आसपास भावगीताच्या दोन ओळींमध्ये एक जर्मन गृहस्थ येऊन हवामान सांगून जायचे. एरवी काकांनी चकती फिरवून मोकळी जागा शोधली असती. त्या दिवशी त्यांचं लक्षच नव्हतं.

सईचं विद्यार्थ्यांचं घर जुन्या गावात होतं. जिना इतका उभा, की दोरी धरून चढायचं. प्लास्टरचा हात घेऊन मी मागून गेले. दार एका मैत्रिणीनं उघडलं. आत पलंगावर सई, पाठीशी दोन उशा, डोळे खोल गेलेले. बापाला बघून ती आधी डचमध्ये काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "बाबा? तू इथे कसा?"

काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "ताप आहे."

"फायफर झालाय. ग्रंथींचा ताप. इथे स्टुडंट्सना होतो. डॉक्टर म्हणाली, झोपून राहा, बाकी काही औषध नाही." मग तिनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "गाणं थांबत नव्हतं."

सई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नसेल. तिला सगळं कळलं होतं.

"माझंही रोज संध्याकाळी थांबायचं," ती म्हणाली. "स्वयंपाक करताना. मला माहीत असायचं, बाबा आता ऑफिसातून निघाला. मी पासवर्ड बदलू शकले असते, बाबा. एका मिनिटात."

काका उभेच होते. त्यांना कुठे बसायचं ते सुचत नव्हतं. मग नेहमीप्रमाणे काहीतरी काम शोधायचं म्हणून ते कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले आणि तिथे साचलेले कप धुवायला लागले. मैत्रीण संकोचून ‘राहू द्या, राहू द्या’ करत होती.

सईनं पाठमोऱ्या बापाला विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे. तिला तिकडे बरं वाटतं."

"हे ती म्हणाली, की तू ठरवलंस? बाबा, तू तिला एकदा तरी विचारलंस का? परत येतेस का म्हणून?"

नळ वाहत होता. काकांनी एक कप धुतला, तोच पुन्हा धुतला. मग बेसिनकडे बघतच ते म्हणाले, "विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?"

इतक्या दिवसांत काकांनी विचारलेला, उत्तर हवं असलेला असा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. तो इतक्या हलक्या आवाजात आला, की मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

"तर नाही म्हणेल," सई म्हणाली. तिचा आवाज तापानं घोगरा झाला होता. "पण ॲटलीस्ट तिला कळेल ना, की तुला हवी होती."

आम्ही दुपारपर्यंत थांबलो. काकांनी खाली जाऊन भाज्या आणल्या, कुकर नसताना मऊ खिचडी केली, मैत्रिणीलाही वाढली. निघताना सईनं पडल्यापडल्याच त्यांच्या कोटाची बाही धरून ठेवली होती, मिनिटभर. 

परतीच्या रस्त्यावर, शहर मागे पडल्यावर, काका म्हणाले, "मी फोन लावतोय. तुम्हाला ऐकू येईल. या कांडीतून फोनही रेडिओवरच वाजतो."

"मी पुढच्या पंपावर उतरून थांबते, काका."

"नको. तुम्ही बसा. एकटा असलो तर बोलणार नाही मी."

कराडला संध्याकाळ झाली होती. घंटी गाडीभर वाजली, मग शुभाकाकूंचा आवाज. "आज शुक्रवारी कसा फोन?" काकांनी सईच्या तापाचं सांगितलं. काकू घाबरल्या, दहा गोष्टी विचारल्या, काकांनी दहाची उत्तरं दिली. खिचडी खाल्ली म्हणून सांगितलं. मग बोलायचं काही उरलं नाही. रविवारचे फोन याच जागी संपत असावेत.

"बरं, मग..." काकू म्हणाल्या.

"शुभा, गाडीत गाणं बसवलंय."

"काय बसवलंय?"

"गाणं. तू म्हणायचीस ते. फोनवरचं वाजतं."

  समोर फेनलोची पाटी आली होती.

"शुभा, तू येशील का? इकडे?"

आणि त्या क्षणी, मी देवाशपथ सांगते, भरघोस आवाजाचे ते जर्मन गृहस्थ आले. कुठल्याशा रस्त्यावर किती किलोमीटरची रांग आहे ते त्यांनी सविस्तर सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मागे, लांब कुठेतरी, शुभाकाकू बोलत होत्या. शब्द एकही कळत नव्हता.

मला हसू यावं की रडू, कळेना. काकांनी शांतपणे वळणाचा दिवा लावला, गाडी ट्रक थांबतात त्या जागेत घेतली, कांडी उपसून काढली, फोन कानाला लावला आणि दार उघडून बाहेर गेले. मी काचेतून बघत राहिले. दोन उंच ट्रकांच्या मधल्या पट्ट्यात ते येरझाऱ्या घालत होते, एक बोट दुसऱ्या कानात घालून, वाऱ्यानं कोट उडत होता. बोलत कमी होते, ऐकत जास्त होते. एका क्षणी थांबून त्यांनी ट्रकच्या चाकाला हात टेकवला.

परत येऊन बसले, पट्टा लावला.

"थंडी सरल्यावर बघू म्हणाली."

बराच रस्ता गेल्यावर पुन्हा म्हणाले, "हो म्हणाली नाही. पण नाहीसुद्धा म्हणाली नाही."

शुभाकाकू मे महिन्यात आल्या. ठेंगण्या, चटपटीत, बोलायला मोकळ्या. तोवर माझं प्लास्टर निघालं होतं, सायकलही सुरू झाली होती. पण एका रविवारी सगळे फिरायला निघालो. पुढे त्या, मागे मी आणि सई. काकांनी मोठ्या ऐटीत गाणं लावलं. काकूंनी ते जरा ऐकलं.

"पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतोय आवाज."

"लागतं," काका म्हणाले.

"एवढीशी कांडी? आणि इतकी वर्षं मला रस्त्यांवरच्या रांगा ऐकवल्यात?"

"चुकलं माझं," काका म्हणाले. सई एकदम माझ्याकडे वळली. तिनंही हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नसावेत. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. गाणं संपलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

नंतर एकदा ओट्याशी कोथिंबीर निवडताना त्या मला म्हणाल्या, "स्नेहल, मी इथे परत राहायला आलेली नाही हं. लोकांना उगीच वाटतंय. तिकडे माझी शाळा आहे, मुलं पुस्तकं मागायला येतात, रस्त्यात चार माणसं हाक मारतात. इथे मला कुणी हाक मारायचं नाही." काड्या बाजूला सारत त्या थांबल्या. "पण मी गेले ना, तेव्हा विमानतळावर हे मला काय म्हणाले माहीत आहे? ‘बॅग जड आहे.’ बस. मी आत जाईपर्यंत वळून वळून बघत होते, आणखी काही म्हणतात का."

ऑगस्टमध्ये त्या कराडला परत गेल्या. या खेपेला विमानतळावर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्यानंतरच्या महिन्यात काकांनी ऑफिसात मुदतीआधी निवृत्ती मागितली. त्यांच्या विभागप्रमुखांना धक्का बसला. रिलेच्या विभागातून कुणी स्वतःहून जात नाही. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "माझी बायको तिकडे राहते." इतकं साधं कारण ऐकून प्रमुखांना पुढे काही विचारताच आलं नाही.

सगळं आवरायला वसंत ऋतू उजाडला. गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. खालचा पत्रा गंजून गेला होता आणि गॅरेजवाला म्हणाला, आता हिला त्रास देऊ नका. ती मोडीत गेली. सईनं तिघांचं मिळून घरचं खातं काढलं, त्यामुळे आता कुणाचं गाणं कुणामुळे थांबत नाही. काकांना ते फारसं रुचलं नाही. "त्यात काय राहिलं मग?" असं ते मला म्हणाले होते.

त्यांचा निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली, हार झाले. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते तिथले नाहीत.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी दुपारी सायकलवरून गल्लीतून चालले होते. इथे भाड्याचं घर सोडताना स्वच्छ, पूर्ण रिकामं करून द्यावं लागतं. सई त्यासाठी आली होती. रस्त्यावरची मोठी खिडकी पडद्याविना होती आणि आतली खोली पार मोकळी. खुर्ची नाही, दिवा नाही, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. त्या रिकाम्या लाकडी जमिनीवर बापलेक भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसले होते. मध्ये दहीभाताचं एकच पातेलं. काका काहीतरी सांगत होते. हातात घास तसाच धरलेला, दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी मोठं, गोल दाखवत होते. सई डोकं मागे टाकून हसत होती. तिला ठसका लागला, तेव्हा त्यांनी घास पातेल्यात ठेवला, डाव्या हातानं तिची पाठ थोपटली आणि ती सावरल्यावर सांगणं पुढे सुरू केलं.

मी घंटी वाजवणार होते. वाजवली नाही. पुढे उतार होता, सायकल आपली आपण चालत होती.